ठोंब्या सापडत नाही

१२ जून

ताई,

नमस्कार वगैरे या ओळीत आला असं समज.

मी पत्र लिहितोय म्हणजे माघार घेतली, असा अर्थ काढू नकोस. तू माझा फोन नंबर अडवून ठेवला आहेस, म्हणून कागद. काम तांत्रिक आहे, कौटुंबिक नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्या निरोपसमारंभात जे झालं ते झालं, त्यात मी शिरत नाही. तूही शिरू नकोस.

तर काम असं. जनावरांच्या दवाखान्यातून मी निवृत्त झालो हे तुला माहीत असेलच. आता मी शेळ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलंय. पाने एकशे चाळीस, औषधांचे तक्ते त्रेसष्ट. शेळीपालक संघाला ते ऑगस्टअखेरच्या सभेत वाटायचं आहे. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये एक आजार मध्ये घुसवला की पुढचे सगळे तक्ते उड्या मारून भलत्याच पानावर जायचे. शेजारचे गणिताचे मास्तर म्हणाले, "डॉक्टर, हे सोडा. खरं टाइपसेटिंग शिका." त्यांच्या पद्धतीत आपण साधा मजकूर लिहायचा, मध्येमध्ये आज्ञा द्यायच्या, हे मोठं, ते मधोमध, इथे तक्ता, आणि मग 'चालव' म्हणायचं. की पानं तयार. आज्ञा द्यायच्या म्हटल्यावर मला ते आवडलं. जन्मभर मी शेळ्यांना आज्ञा दिल्या, एकीने ऐकली नाही.

पण त्यात अक्षर कुठलं वापरायचं तेही आपणच सांगायचं असतं. ही म्हणाली, "ताईंनी स्वतः काढलेल्या अक्षरांचा फॉन्ट केलाय, तोच घ्या." फाईल तुझ्याकडून हिच्याकडे कशी आली ते मी विचारलं नाही. तुम्ही दोघी दर रविवारी फोनवर बोलता हे मला ठाऊक नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

फाईलचं नाव तू 'अक्षर-फायनल-२-नवीन-खरंच-फायनल' असं ठेवलं आहेस. ते नाव मी आज्ञेत जसंच्या तसं लिहिलं. उत्तर आलं: असा फॉन्ट सापडत नाही. फाईल पडद्यावर समोर ठेवली. सापडत नाही. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवली, मग पुस्तकाच्या शेजारी ठेवली, मग चारही ठिकाणी एकेक ठेवली. सापडत नाही. मास्तरांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चूक तुमची आहे, यंत्राची नाही." हे ते न बघताच म्हणाले.

काय करायचं ते कळव. दोन ओळी पुरेत.

तुझा भाऊ

२३ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी पुरेत म्हटलं होतं, तू एकच पाठवलीस: 'फाईलचं नाव म्हणजे फॉन्टचं नाव नव्हे, आत बघ.'

आत बघितलं. मास्तरांनी फाईलवर दोनदा टिचकी मारायला सांगितलं, एक चौकट उघडली, आणि तिच्यात वरच लिहिलेलं होतं. नाव: ठोंब्या. प्रकार: साधा.

ताई, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. बावीस गावांत मला डॉक्टरसाहेब म्हणतात. मला ठोंब्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय आणि तिने ते जगाला वाटायच्या वस्तूवर छापून ठेवलंय! हिला दाखवलं तर ही हसता हसता भाजीची परात खाली ठेवून भिंतीला टेकली. म्हणजे हिला आधीपासून माहीत होतं.

मी तसाच चिडून आज्ञेत 'मुख्य फॉन्ट: ठोंब्या' असं लिहिलं आणि चालवलं. उत्तर आलं: ठोंब्या सापडत नाही. मास्तर म्हणाले, आधी तो संगणकात रीतसर बसवावा लागतो, नुसता फोल्डरमध्ये टाकून भागत नाही. बसवला. तेवढ्यात पलीकडून मास्तरांच्या बायकोने कुंपणावरून विचारलं, "सापडला का हो ठोंब्या?" आता सगळी गल्ली विचारते. दूधवाला सकाळी काळजीने म्हणाला, "कुत्रं होतं का?"

असो. सापडला. पण जे पान आलं ते बघून मला भोवळ यायची राहिली. 'किडा'ची वेलांटी क-ला सोडून ड-च्या दारात उभी. 'गर्भ'चा रफार वर न चढता र-चा पाय मोडून खालीच बसलेला. जोडाक्षरं तर सगळी फारकत घेतल्यासारखी. 'शेळीच्या' लिहिलं तर च वेगळा, या वेगळा, मध्ये लंगडी खूण. आणि जिथे 'ॲलर्जी', 'ॲनिमिया', 'ॲसिडिटी' लिहिलंय तिथे ॲ-च्या जागी रिकामा चौकोन. असे एक्केचाळीस चौकोन मोजले.

तुझी अक्षरं अशीच आहेत का? तसं असेल तर मी काही बोलत नाही, पण संघाच्या लोकांना वाचता यायला हवं.

भाऊ

ता. क. नाव बदलता येतं का?

५ जुलै

ताई,

कार्ड मिळालं. या वेळी तीन ओळी आहेत, प्रगती आहे. नाव बदलता येतं पण तू बदलणार नाहीस, हे कळलं. ॲ तू काढलाच नव्हतास, कारण वाहतूक कार्यालयात थांब्यांचे फलक रंगवण्यात तुझी तीस वर्षं गेली आणि एकाही थांब्याच्या नावात ॲ आला नाही, हेही कळलं. आणि तिसरी ओळ: 'त्याला लिपी सांगितलीस का?'

मला आधी राग आला. देवनागरी अक्षरं डोळ्यांसमोर दिसत असताना लिपी वेगळी काय सांगायची? शेळी समोर उभी असताना 'ही शेळी आहे' असं कुणी सांगतं का? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला दिसतं हो. त्याला तुम्ही सांगेपर्यंत ते नुसते आकार." मग फॉन्टच्या आज्ञेपुढे कंसात 'लिपी: देवनागरी' एवढं घातलं आणि चालवलं.

ताई, सगळ्या वेलांट्या आपापल्या घरी गेल्या. रफार टुणकन वर चढले. 'गर्भिणी' असा काही उमटला की मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग मी पहिली दहा पानं वाचली. माझंच लिहिलेलं, पण कुणीतरी शहाण्या माणसाने लिहिल्यासारखं वाटलं. तुझा 'ळ' फार ऐटीत बसतो. 'श' बघून मला फाटकासमोरचा तो पिवळा फलक आठवला, जो तू रंगवत होतीस आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. शिडी धरायला मी तास घेतो म्हणून तूच मला ठोंब्या म्हणाली होतीस.

आता इतकं लिहिलंय तर पुढचंही लिहितो. नाही नाही म्हणता शिरतोच त्यात.

निरोपसमारंभात मी बोललो ते आयत्या वेळी सुचलं नव्हतं. आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. तुझ्या कार्यालयात फलक छापायचं नवं यंत्र आलं होतं, म्हणून मला वाटलं, त्यावर एक विनोद करू. 'ताईने तीस वर्षांत जेवढे फलक रंगवले तेवढे हे यंत्र दुपारच्या चहापर्यंत काढेल. म्हणजे ताई तीस वर्षं नुसता चहाच पीत होती म्हणायची!' लोक हसले. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा मला दिसला, ताई. दिसला नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, हिलासुद्धा. दिसला, आणि तरी लोक हसतायत म्हणून मी दुसरा विनोद केला. तो तू ऐकला नाहीस, तोवर तू गुच्छ खुर्चीवर ठेवून निघून गेली होतीस. तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

माझं चुकलं. हे तुला न सांगताच कळलं असेल असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

तुझा,
भाऊ

१९ जुलै

ताई,

ॲ आला. हिच्या ईमेलवर आला, माझ्या नाही, ते मी समजून आहे. एक्केचाळीस चौकोन गेले. पानांचे आकडे इंग्रजी येत होते तेही मास्तरांनी एक आज्ञा घालून मराठी केले, आणि या वेळी चूक यंत्राची होती असं कबूल करण्याच्या अगदी जवळ येऊन परत फिरले.

तुझ्या कार्डावर माफीबद्दल काहीच नाही. नुसता प्रश्न आहे: 'फुकटचे शंभर फॉन्ट पडलेले असताना माझाच का?'

मी पहिल्या पत्रात हिने सुचवला म्हणून लिहिलं. ते अर्धंच खरं. ही तर गेलं वर्षभर सुचवत होती. मी हो म्हणालो ते मे महिन्यात, त्याला कारण आहे.

पुस्तकाच्या आधी मी संघासाठी चार पानी पत्रक काढलं होतं. फॉन्ट मीच निवडला, फुकटचा, वळणावळणाचा, वेलीसारखा. मला तो फार नाजूक वाटला. त्यात जंताच्या औषधाचा तक्ता होता. गाभण शेळीला एक चमचा. ओढ्यापलीकडे एक बाई राहते, तीन शेळ्या आहेत तिच्या, सगळे तिला शेळीवाल्या मावशी म्हणतात. तिने पत्रक समोर धरून नऊ चमचे पाजले.

मी दोन दिवस तिच्या गोठ्यात बसून होतो. शेळी वाचली. गाभ गेला, दोन पिल्लं होती. मी तिला म्हणालो, "अहो मावशी, एक चमचा म्हटलंय." तिने पत्रक माझ्या हातात दिलं. "वाचा." मी चष्मा लावून वाचलं. नऊ. त्या वेलबुट्टीत एकाचं शेपूट असं काही वळलं होतं की नऊच दिसत होतं. मी तिला तसं समजावून सांगितलं, अक्षराचा दोष आहे म्हणून. तेव्हापासून ती माझ्याशी बोलतच नाही. औषधाची बाटली आणली की इंग्रजी लेबल मला न दाखवता किराणा दुकानदाराकडून वाचून घेते.

मला आठवलं, तुझे फलक चालत्या गाडीतून वाचता यायचे. एक्याण्णव नंबरची गाडी आणि एकोणीस नंबरची गाडी यांत तुझ्या फलकावर कुणी फसलं नाही. म्हणून तुझा फॉन्ट. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण मग तुझ्या अक्षराची मी आधी कशी टर उडवायचो आणि आता काय म्हणतोय तेही लिहावं लागलं असतं.

आता एकच मागणं. धोक्याच्या सूचना ठळक हव्यात. मी आज्ञा दिली तर उत्तर येतं: ठोंब्या ठळक नाही. ठळक काढशील का?

भाऊ

२८ जुलै

ताई,

हे पत्र घाईत. तुझ्या फॉन्टमध्ये गंभीर दोष निघाला आहे.

पान एकतीस. जंताच्या औषधाचा तोच तक्ता मी जुन्या पत्रकातून उचलून पुस्तकात घातला. चालवलं. आणि गाभण शेळीपुढे पुन्हा ९! इतक्या भरवशाने तुझं अक्षर घेतलं आणि तुझाही १ शेवटी शेपूट वळवून बसला. म्हणे चालत्या गाडीतून वाचता येतं! मी तर खुर्चीत बसून वाचतोय.

विचित्र म्हणजे पान सातवर १ नीट आहे. बारावरही नीट. एकवीसवर तर तीन वेळा आहे, तिन्ही नीट. नेमकं एकतीसवरच बिघडतं. तक्त्यात शिरल्यावर तुझ्या एकाला काहीतरी होतं. मास्तरांना दाखवलं, त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य म्हटलं. माणसाने एकाच वाक्यावर किती वर्षं काढावीत?

छापील पान सोबत जोडलंय, लाल गोल केला आहे. सभा जवळ आली आहे. तीस वर्षं अक्षरांत घालवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. तातडीने दुरुस्त कर.

भाऊ

९ ऑगस्ट

ताई,

तू आतल्या खोलीत आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. ही म्हणते, "चार पावलं चालून सांगा की." पण तू सकाळी म्हणालीस, "आधी जाऊन सांगून ये, मग माझ्याशी बोल." मी जाऊन आलो. बोलायला तोंड उघडलं तर काहीतरी विनोदच बाहेर येईल अशी भीती वाटते, म्हणून कागद.

काल तू बसमधून उतरलीस ती पिशवी न ठेवता थेट संगणकाकडे गेलीस. मला वाटलं आता फॉन्ट उघडशील. तू फॉन्टला हातही लावला नाहीस. माझ्या मजकुराची फाईल उघडलीस, जिथे कुठलंच सुंदर अक्षर नसतं, नुसता संगणकाचा रुक्ष टाइप, आणि तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलंस. "वाच."

नऊ.

"हे माझं अक्षर नाही," तू म्हणालीस. "हे तू टाइप केलंयस. नऊ लिहिलंस, नऊ उमटलं." मग जुन्या पत्रकाची फाईल उघडायला लावलीस. तिथेही नऊ. त्या वेलबुट्टीवाल्याचा १ शोधून दाखवलास, तो बिचारा काठीसारखा सरळ होता. कुणाचं शेपूट वळलेलं नव्हतं. माझं बोट चुकलं होतं आणि मी तीन महिने अक्षराला शिव्या देत होतो.

मास्तर दारात उभे होते. त्यांना त्यांचं वाक्य म्हणायची केवढी संधी होती, पण ते काही न बोलता घरी गेले. ते मला जास्त लागलं.

आज मावशींकडे गेलो. ती शेळ्यांना पाला टाकत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "मावशी, अक्षराचा दोष नव्हता. मीच नऊ लिहिलं होतं. तुम्ही बरोबर वाचलंत."

ती पाला टाकायची थांबली. म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, नऊ फार आहेत. चमचा हातात घेऊन मी किती वेळ उभी होते. पण छापलेलं होतं ना."

ताई, मला तिथे बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. एक शेळी माझ्या शर्टाचं टोक चघळायला लागली, ते मी तसंच राहू दिलं.

मग ती म्हणाली, "दुकानदार म्हणतो, तुम्ही मोठं पुस्तक काढताय." मी हो म्हटलं. "त्यातपण तुम्हीच लिहिलेले आकडे?" मी हो म्हटलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "आणा इकडे. छापायच्या आधी मी बघते."

मी घरून पानं आणि नोंदवही घेऊन आलो, पानं आम्ही ओट्यावर पसरली. त्रेसष्ट तक्ते. मी दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीतून मोठ्याने वाचायचं आणि तिने पानावर बोट फिरवायचं. ठोंब्या तिने एकदाही अडखळत वाचला नाही, लांब धरूनसुद्धा. अठ्ठाविसाव्या तक्त्यात तिने मला थांबवलं. "करडाला आणि मोठ्या बोकडाला सारखंच कसं?" मी बघितलं. ओळ दोनदा आली होती. चव्वेचाळीसमध्ये आणखी एक सापडली. म्हणजे आणखी दोन गोठे, आणखी दोन वेळा मी अक्षराचा दोष सांगत बसलो असतो.

निघताना तिने चहा विचारला नाही. पण "उरलेली उद्या आणा," म्हणाली, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाली.

आता माझं ठरलंय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर, माझ्या नावाच्याही आधी, हे घालायचं: 'यापूर्वीच्या पत्रकात गाभण शेळीला जंताच्या औषधाचे ९ चमचे असे लिहिले होते. ती लेखकाची चूक आहे. १ चमचाच द्यावा.' ही म्हणते, शेवटच्या पानावर घाला, कुणी सुरुवातीलाच आपली लाज काढतं का? पण शेवटच्या पानापर्यंत कोण येतं?

आणि ते ठळक हवं. मी तशी आज्ञा लिहून ठेवली आहे. चालवली की अजून तेच उत्तर येतं.

ठळक कुठवर आलाय, ताई? सभा एकोणतीस तारखेला आहे. सगळा नसेल झाला तरी चालेल.

हा कागद दाराखालून सरकवतोय.

भाऊ

(त्याच कागदाच्या मागे, शाईच्या जाड निबने)

बावीस अक्षरं झाली, बाकीची राहिलीत. च आणि क कालच काढलेत, दीर्घ ऊकार आता काढते, म्हणजे तुझी 'चूक' पुरी होईल. मग त्या तीन वाक्यांपुरती उरलेली आधी करू. पुस्तकातल्या बाकीच्या सूचना थांबतील, हे थांबायला नको.

'ती लेखकाची चूक आहे' एवढंच पुरे नाही. 'माझी चूक' असं लिही. लेखक कोण ते मावशींना काय माहीत.

आणि आकडा आकड्यात लिहू नकोस. 'एक' असं अक्षरात लिही, आणि पुढे कंसात १. दोन्ही मी तपासून देते.

आत ये. दाराला कडी लावलेली नाही, नुसतं लोटलंय. येताना दिवा आण, या खोलीत उजेड कमी आहे आणि मला दिवा धरून बसायला कुणीतरी लागेल.